गावाची गणती आणि गावाची वाट



ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालू आहे, त्यांच्या नावाशी जोडलेल्या व्यासपीठावरून बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर, नाहीतर बृहन्महाराष्ट्रातील मराठीच्या भवितव्यावर बोलेल, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज खेड्याची लोकसंख्या आणि खेड्याकडे जाणारी वाट, या विषयावर बोलणार आहे. हा विषय अर्थशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या अभ्यासकाचा, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु प्रबंधाच्या निमित्ताने मोडी कागदांतील कारभारी शब्दांशी माझा अनेक वर्षे संबंध आला आणि त्या शब्दांनीच मला या विषयाच्या दाराशी आणून सोडले. शिवाय आपण जिथे जमलो आहोत ती जागा या विषयाला अनुकूल आहे. दाल बाजार येथून हाकेच्या अंतरावर आहे.

आपण ग्वाल्हेरची मराठी माणसे मोठी गमतीची. घरात आपण 'डाळ' शिजवतो, पण ती आणायला जातो 'दाल बाजारात'. त्या बाजारात सकाळच्या वेळी उभे राहिले तर काय दिसते? पल्लेदारांच्या पाठीवरची पोती, हातठेले, छोटे मालवाहू टेम्पो, आडत्यांच्या गाद्या, आणि पाऊल टाकायला जागा नाही अशी दाटी. येथे माणसे उदंड आणि वाट अपुरी. पण त्या पोत्यातला हरभरा, तूर किंवा मोहरी ज्या शेतातून आली, त्या शेताच्या गावी गेलो तर चित्र नेमके उलटे असू शकते. तेथे माणसे थोडी आणि वाट मुळातच नाही, किंवा असली तर चार महिने चिखलाखाली. एकाच धान्याच्या प्रवासाची ही दोन टोके आहेत. या दोन टोकांना जोडून पाहिल्याशिवाय आपल्याला आपला प्रदेश कळणार नाही, असे माझे मत आहे.

खेड्यासंबंधी सरकार दोन प्रश्न विचारते. माणसे किती, हा पहिला. तेथे जायचे कसे, हा दुसरा. वरवर पाहता हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची खातीही निराळी आहेत. वास्तविक गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या देशात पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर दुसऱ्याचे उत्तर अवलंबून राहिले आहे. माणसे पुरेशी असतील तर रस्ता. माझे म्हणणे असे की, हा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. माणसे थोडी म्हणून रस्ता नाही, हे जितके खरे आहे तितकेच रस्ता नाही म्हणून माणसे थोडी उरली, हेही खरे आहे. आणि ज्या आकड्यावर गावाचे नशीब ठरते, तो आकडा कसा काढला जातो, केव्हा काढला जातो आणि कोणाला धरून काढला जातो, हे विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य सुशिक्षितांचे आहे.

प्रथम शब्दांकडे वळतो, कारण तेवढीच माझी मिळकत. आज आपण 'जनगणना' म्हणतो. जुन्या मराठीत त्यासाठी दोन शब्द होते: 'खानेसुमारी' आणि 'शिरगणती'. खाने म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजदाद. एक शब्द घरे मोजतो, दुसरा डोकी मोजतो. कारभाराला घरे हवी होती ती पट्टी बसवण्यासाठी. डोकी हवी होती ती वेठीसाठी, फौजेसाठी. गावाच्या नावामागे 'मौजे' लागे, बाजाराच्या मोठ्या गावामागे 'कसबा', आणि मुख्य गावापासून तुटून राहिलेल्या लहान वस्तीला 'मजरा' म्हणत. हा शब्द दोन्हीकडे जिवंत आहे. कोल्हापूर जिल्ह्यात गावाच्या नावाआधी 'मजरे' लागलेले आढळते, आणि आपल्या ग्वाल्हेर-चंबळच्या खेड्यांत आजही माणसे 'मजरा-टोला' असे जोडीने म्हणतात.

याच कुळातला आणखी एक शब्द आहे, 'बेचिराख'. आज आपण त्याचा अर्थ जळून राख झालेले असा करतो, कारण त्यात आपल्याला 'राख' ऐकू येते. मूळ फारसी शब्द 'बे-चिराग', म्हणजे दिवा नसलेले. ज्या मौजात संध्याकाळी एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. महसुलाच्या दप्तरात त्याचे नाव राहते, शिवार राहते, नकाशावर हद्द राहते, पण माणूस नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ६ लाख ४० हजार गावे नोंदली गेली आणि त्यांपैकी वसलेली सुमारे ५ लाख ९७ हजार होती. म्हणजे चाळीस हजारांहून अधिक गावांत दिवा नव्हता. ती सगळीच उठून गेलेली गावे आहेत असे नाही. काहींत पूर्वीपासून केवळ रान आहे, काही धरणाखाली गेली. आपल्या शेजारच्या श्योपूर जिल्ह्यात कुनोच्या अभयारण्यासाठी चोवीस गावांतील दीड हजारांच्या आसपास कुटुंबे, मुख्यतः सहरिया समाजाची, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बाहेर वसवण्यात आली. २०२२ च्या सप्टेंबरात जेथे चित्ते सोडले गेले, ते हेच रान. गाव मावळण्याची कारणे अनेक असतात. पण त्यांत एक कारण असे असते की ज्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. ते म्हणजे गैरसोयीमुळे एकेका घराने हळूहळू काढता पाय घेणे.

मराठीत वाटेसाठी किती शब्द आहेत पाहा. पायवाट, गाडीवाट, पाणंद, आडवाट, घाट, खिंड. आपल्या इकडच्या बोलीत 'गैल'. महाराष्ट्रात 'आडगाव' नावाची कितीतरी गावे आहेत. मुख्य वाटेपासून बाजूला ते आडगाव, असा त्याचा सरळ अर्थ घेता येतो. पीक, देव, पाटील किंवा ओढा यांच्यावरून गावाला नाव पडते हे आपण जाणतोच, पण वाटेपासून दूर असणे हीच त्याची ओळख व्हावी, याचा अर्थ लोकांनी गावाचे स्थान वाटेवरून ठरवले होते. शिरगणती राजाने केली. वाटेची गणती लोकांनी भाषेत करून ठेवली.

आता इतिहासाकडे येऊ. आपले लष्कर हे शहरच मुळी वाटेने आले. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, आणि जे लष्कर मुक्कामाला आले ते उठलेच नाही. तळाला धान्य लागते, धान्याला बाजार लागतो, बाजाराला रस्ते लागतात. राहुट्यांच्या जागी वाडे आले आणि छावणीचे नाव शहराचे नाव होऊन बसले. येथे लोकसंख्या आधी आणि वाटा मागाहून आल्या, कारण आलेली लोकसंख्या सत्तेची होती. सत्ता जेथे बसते तेथे वाटा आपोआप येतात. ज्याच्या हाती सत्ता नाही त्या गावाला वाटेची वाट पाहावी लागते.

या प्रदेशातील आडगावांना जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो माधवराव शिंदे महाराजांच्या कारकिर्दीत. ग्वाल्हेर लाइट रेल्वे ही दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या चांगली स्मरणात असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिंड आणि शिवपुरीकडे तिच्या शाखा निघाल्या, आणि श्योपूरकडची शाखा सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ, वीरपूर अशी पुढे सरकत १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचली. जवळजवळ दोनशे किलोमीटरचा हा मार्ग होता. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली.

महाविद्यालयात नोकरीस लागल्यावर परीक्षेच्या कामासाठी मी या गाडीने सबलगढला अनेकदा गेलो आहे. श्योपूरपर्यंतच्या प्रवासाला दहा तासांहून अधिक लागत. तिचा वेग पाहून शहरातले पाहुणे हसत. डब्यात जितकी माणसे असत तितकीच टपावर असत. पण खिडकीशी बसून मी जे पाहत असे ते हसण्यासारखे नव्हते. प्रत्येक लहान ठेशनावर दुधाच्या कासंड्या चढत, भाजीच्या टोपल्या चढत, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी उतरत, तालुक्याच्या शाळेतून परतणारी पोरे उड्या मारून उतरत. एक्सप्रेस गाडी शहराला शहर जोडते. ही गाडी गावाला गाव जोडत होती. तिचे भाडे गरिबाच्या खिशाला परवडणारे होते. जौरा, कैलारस, सबलगढ या कसब्यांत बाजार, शाळा, दवाखाने वाढत गेले, त्यात या रुळांचा वाटा होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत गाड्या थांबल्या तेव्हा ही छोटी गाडीही थांबली, आणि ती पुन्हा धावली नाही. रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले आणि ग्वाल्हेरकडून मोठ्या रुळांवरील गाड्या टप्प्याटप्प्याने पुढे सरकू लागल्या. मोठी गाडी यावी, याबद्दल दुमत नाही. पण मधल्या वर्षांत ज्या मुलीने आठवी उत्तीर्ण होऊन नववीला जायचे होते, तिचे ते वर्ष कोणतीही मोठी गाडी परत आणू शकत नाही. वाहतुकीच्या योजनेत खंड पडतो तो कागदावर 'कालावधी' असतो. मुलाच्या आयुष्यात तोच शिक्षणाचा शेवट असू शकतो.

रस्त्यांच्या बाबतीत खरा बदल झाला तो २५ डिसेंबर २००० पासून. त्या दिवशी पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा प्रारंभ झाला. मैदानी भागात पाचशे आणि डोंगराळ, आदिवासी व वाळवंटी भागात अडीचशे लोकसंख्येच्या प्रत्येक वस्तीला बारमाही रस्ता द्यायचा, असा तिचा संकल्प होता. या योजनेने खेड्यांचे चित्र पालटले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तिच्यात एक शहाणपणाची गोष्ट अशी होती की, तिने महसुली गाव हे एकक न मानता वस्ती हे एकक मानले. महसुली गावाचा रस्ता झाला की मजऱ्याचाही झाला, अशी पळवाट त्यामुळे बंद झाली. मैदानात पाचशे मीटरच्या आतील वस्त्यांची माणसे एकत्र मोजण्याची मुभाही तिने दिली.

तरीही रेघ ती रेघच. पाचशेची रेघ ओढली की पाचशे दोनची वस्ती आत येते आणि चारशे अठ्ठ्याण्णवची बाहेर राहते. त्या चार माणसांच्या फरकाने चिखल कमी होत नाही, की साप चावलेल्या माणसाचे विष हळू चढत नाही. कारभाराला कोठेतरी रेघ ओढावी लागते, हे मी समजतो. पैसा मर्यादित असतो आणि क्रम लावावाच लागतो. पण रेघ माणसाने ओढलेली असते आणि ती हलवता येते, हे विसरता कामा नये. ती हलल्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. २०१० मध्ये मध्यप्रदेश शासनाने पाचशेहून कमी वस्तीच्या गावांसाठी स्वतःची ग्रामसडक योजना काढली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम-जनमन' अभियानात सहरियांसारख्या विशेष मागास जनजातींच्या वस्त्यांसाठी ही रेघ शंभरावर आणली गेली. २०२५ मध्ये मध्यप्रदेशाने मजऱ्या-टोल्यांसाठी स्वतंत्र सडक योजनेला मंजुरी दिली. पाचशे, अडीचशे, शंभर. आकडा जसजसा खाली येतो तसतसे शासन माणसाच्या अधिक जवळ जाते.

सहरियांच्या वस्तीला आपल्याकडे 'सहराना' म्हणतात. हा सहराना बहुधा मूळ गावापासून थोडा बाजूला असतो. डांबरी रस्ता गावाच्या पारापर्यंत येतो आणि सहराना पलीकडे राहतो. नकाशावर गाव जोडलेले असते, माणूस जोडलेला नसतो. म्हणून गावाची गणती करताना 'गाव' म्हणजे कोण, हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे.

दुसरा प्रश्न, गणती केव्हाची. आपल्या देशात १८७२ मध्ये पहिली, पण टप्प्याटप्प्याने झालेली जनगणना झाली, आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी ती नियमाने होत आली. दोन महायुद्धे झाली, फाळणी झाली, तरी तो नेम मोडला नाही. २०२१ ची जनगणना मात्र साथीमुळे पुढे गेली, आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरवण्यात आली. दरम्यान सप्टेंबर २०२४ मध्ये ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला. पंचवीस हजार वस्त्या, ६२,५०० किलोमीटर रस्ते, सत्तर हजार कोटींहून अधिक खर्च. काम मोठे आहे. पण वस्तीची लोकसंख्या धरायची ती २०११ ची. २०११ मध्ये जन्मलेले मूल आज दहावीच्या उंबरठ्यावर आले. ज्या वस्तीत तेव्हा चारशे सत्तर माणसे होती तेथे आज सहाशे असू शकतील, पण कागदावर ती चारशे सत्तरच आहेत. कोणाचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. जुना आकडा हा जुन्या चष्म्यासारखा असतो, एवढेच मला म्हणायचे आहे. त्यातून दिसते, पण आजचे दिसत नाही.

त्याच जनगणनेतील दोन आकडे आपल्या परिसरासाठी बोलके आहेत. २०११ मध्ये ग्वाल्हेर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे साडेचारशे माणसे होती आणि श्योपूरमध्ये अवघी एकशे चार. विरळ वस्तीच्या प्रदेशात दर माणशी रस्त्याचा खर्च अधिक पडतो, हे गणित चूक नाही. पण विरळ वस्तीतच दवाखाना लांब असतो, शाळा लांब असते, आणि म्हणून रस्त्याची गरज दर माणशी अधिक असते, हे गणितही तितकेच बरोबर आहे. पहिले गणित हिशेबनीस मांडतो. दुसरे कोणी मांडायचे?

येथे जनगणनेचा एक उपकार सांगितला पाहिजे. तिच्या जिल्हा-पुस्तिकांत प्रत्येक गावाच्या सोयींची सूची असते. गावात माध्यमिक शाळा आहे का, आरोग्य केंद्र आहे का, बस येते का. आणि नसल्यास ती सोय पाच किलोमीटरच्या आत आहे, पाच ते दहामध्ये आहे, की दहाच्या पलीकडे आहे. म्हणजे माणसांची मोजदाद करणाऱ्या ग्रंथातच वाटेची मोजदादही आहे. पण आपण पहिला रकाना वाचतो आणि पुढची पाने उलटत नाही. शिवाय किलोमीटर हे उन्हाळ्यातले माप आहे. आषाढात नदी भरली की तेच चार किलोमीटर चौदा होतात.

आता आक्षेपाचा विचार करू. काही जाणकार म्हणतात, रस्ता झाला की माणसे गाव सोडतात, मग रस्त्याने गाव वाचते कसे? या प्रश्नावर चांगले संशोधन झाले आहे. सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद या अर्थशास्त्रज्ञांनी याच ग्रामसडक योजनेचा अभ्यास करून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी युक्ती अशी केली की, रेघेच्या किंचित वरची आणि किंचित खालची गावे एकमेकांशी ताडून पाहिली. मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये त्यात होती. त्यांना असे आढळले की, रस्त्यानंतर चार वर्षांत शेतीत किंवा मिळकतीत फार मोठा फरक पडला नाही. मुख्य परिणाम हा की, काम करणारी माणसे शेतीतून बाहेरच्या कामाकडे वळली. म्हणजे रस्ता ही जादूची कांडी नव्हे. त्याच संशोधकांनी अंजली अडुकिया यांच्यासह शाळांचाही अभ्यास केला. नवा रस्ता झालेल्या गावांत माध्यमिक-पूर्व वर्गांतील पटसंख्या सुमारे सात टक्क्यांनी वाढली आणि मुले अधिक काळ शाळेत टिकली. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर याहून मोलाची बातमी कोणती असू शकेल?

मी या निष्कर्षांचा अर्थ असा लावतो. रस्ता माणसाला गावात डांबून ठेवत नाही आणि हाकलूनही देत नाही. तो जाणे आणि परत येणे, दोन्ही शक्य करतो. वाट नसेल तर जाणारा एकदाच जातो. तो ग्वाल्हेरात खोली घेतो, पुढे बायकामुले आणतो, मग म्हाताऱ्यांना आणतो आणि घराला कुलूप लागते. वाट असेल तर तोच माणूस सकाळी जाऊन रात्री घरी दिवा लावायला येऊ शकतो. बेचिराग होणे आणि न होणे यांत पुष्कळदा एवढेच अंतर असते.

पण नुसता रस्ताही पुरत नाही. रस्त्यावर वाहन हवे. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी पहिली सरकारी एसटी धावली, आणि पुढे तिने खेड्यापाड्यांत जे काम केले ते कोणत्याही सुधारकाच्या तोडीचे आहे. तेथे 'मुक्कामी गाडी' म्हणून एक प्रकार असतो. संध्याकाळची शेवटची गाडी आडगावी जाते आणि तेथेच राहते. चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपतात आणि पहाटे तीच गाडी विद्यार्थी, रुग्ण, कोर्टाची तारीख असलेले पक्षकार घेऊन तालुक्याला निघते. दिवसातून एकच फेरी, पण तिच्यावर अख्ख्या गावाचे घड्याळ लागलेले असते. खेड्यांतील मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मिळू लागला, हे तर आपल्या माळव्याच्या अभिमानाचे. आपल्या राज्यातील परिवहन महामंडळाची सेवा मात्र २००५ मध्ये गुंडाळण्याचा निर्णय झाला. ज्या वर्षांत गावोगाव सडका पोहोचत होत्या, त्याच वर्षांत त्यांवरून सरकारी बस नाहीशी झाली. खाजगी गाड्या आल्या, पण त्या जेथे प्रवासी भरतात तेथेच जाणार. पुन्हा तोच न्याय: माणसे पुरेशी असतील तर वाहन. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने नव्या सुगम परिवहन सेवेला मान्यता दिली. ती यशस्वी झाली की नाही हे भोपाळ-इंदूरच्या गाड्या मोजून ठरू नये. शेवटच्या मजऱ्यातून पहाटे किती पोरी शाळेला निघाल्या, यावरून ते ठरावे.

पोरींचे नाव घेतले म्हणून सांगतो. बिहारमध्ये २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्या योजनेने माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण बत्तीस टक्क्यांनी वाढवले, आणि शाळा लांब असलेल्या गावांत परिणाम अधिक दिसला. रेल्वे नव्हे, बसही नव्हे, एक साधी सायकल. परंतु सायकलला चालायला चिखलाबाहेर एक पट्टी हवीच. आरोग्याच्या क्षेत्रात मातामृत्यूंचा विचार करताना 'तीन विलंब' सांगतात: दवाखान्यात जायचे ठरवण्यातला, तेथे पोहोचण्यातला, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. पहिला विलंब शिक्षणाने दूर होतो, तिसरा डॉक्टरने. दुसरा केवळ वाटेने दूर होतो. बाजाराचेही तसेच. ज्याच्या दारात गाडी येत नाही तो शेतकरी आपला हरभरा घरच्या ओट्यावर, येईल त्या ट्रॅक्टरवाल्याला, तो म्हणेल त्या भावाने देतो. दाल बाजारातला भाव त्याला ऐकू येतो, मिळत नाही.

मित्रहो, आता विनंतीकडे येतो. येणाऱ्या जनगणनेत प्रगणक म्हणून दारोदार जातात ते बहुतांशी शाळाशिक्षक. या शाळेतून शिकून कितीतरी जण भिंड, मुरैना, श्योपूर, शिवपुरीकडे शिक्षक झाले आहेत. त्यांना माझे सांगणे आहे की, एकही मजरा, एकही सहराना मोठ्या गावाच्या आकड्यात विरघळू देऊ नका. त्याचे नाव लिहा, त्याची घरे वेगळी दाखवा. नाव नोंदले गेले तरच पुढे कोणी त्याच्या वाटेबद्दल विचारील. प्रशासनात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सोयींच्या सूचीची पाने उलटावीत. आणि शाळेला सुचवावेसे वाटते की, मोठ्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी पावसाळ्यात एखाद्या खेड्यात जाऊन घरापासून शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत आणि बाजारापर्यंत लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा. तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा. भूगोलाचे याहून चांगले प्रात्यक्षिक नाही आणि नागरिकशास्त्राचेही नाही.

गुरुजींची हजेरी घेण्याची पद्धत येथील जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. उपस्थितांचा आकडा फळ्यावर लिहून ते थांबत नसत. कोण आला नाही आणि का आला नाही, हे विचारल्याशिवाय त्यांचा तास सुरू होत नसे. नदीपलीकडच्या मुलाच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करताना ते कंसात 'पूर' असे लिहीत. त्या एका शब्दामुळे त्या मुलाचा दोष वाटेवर जाई आणि त्याचे नाव पटावर राही. देशाच्या गणतीलाही अशा एका शब्दाचा रकाना असावा, एवढीच माझी इच्छा आहे. उपस्थित माणसे मोजणे हे कारभाराचे काम आहे. जी येऊ शकली नाहीत, जी टिकू शकली नाहीत, त्यांची वाट कोठे अडली हे शोधणे हे शिक्षणाचे काम आहे.